‘कितीपैकी किती?’ : नागपूरच्या पालकांनी शाळेची आकडेवारी कशी वाचावी

दहावीचा निकाल लागला की आठवडाभरात धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत चौकाचौकांत शाळांचे फ्लेक्स लागतात. वर मोठ्या अक्षरांत ‘१०० टक्के निकाल’, खाली पाच-सहा हसरे चेहरे आणि त्यांचे टक्के. ज्याला पुढच्या वर्षी मुलाला शाळेत घालायचंय किंवा शाळा बदलायचीय, तो पालक गाडी बाजूला घेऊन हे सगळं वाचतो. त्या मुलांनी मेहनत केलेली असते, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण शाळा कशी आहे हे फ्लेक्सवरून कळत नाही, कारण नेमका लागणारा आकडा त्यावर नसतो. शंभर टक्के, पण कितीपैकी?

शाळेची आकडेवारी कधीच उघडून पाहिली नाही अशा पालकांसाठी, आणि बदलीने किंवा कामधंद्यासाठी नुकतेच नागपुरात आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. विशेष शिक्षण लागत नाही. मोबाइल, एक वही आणि भागाकार येत असला की झालं. बरीचशी माहिती सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, उरलेली शाळेत विचारली की मिळते. विचारायचं काय, हे माहीत असायला हवं.

आधी शाळेचा युडायस क्रमांक शोधा

देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्राचे २७ आणि नागपूर जिल्ह्याचे ०९, म्हणून आपल्याकडच्या शाळांचा क्रमांक २७०९ ने सुरू होतो. हा क्रमांक मुलाच्या प्रगतिपुस्तकावर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बहुतेक छापलेला असतो. नसला तर शाळेच्या कार्यालयात विचारा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग मोबाइलवर ‘युडायस प्लस नो युवर स्कूल’ असं शोधा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं पान उघडेल. तिथे क्रमांक टाका, किंवा राज्य, जिल्हा, तालुका निवडत शाळेच्या नावापर्यंत जा. बेसा, वाडी असे भाग शहराला अगदी लागून असले तरी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. शहराच्या यादीत शाळा सापडली नाही तर नागपूर ग्रामीणमध्ये बघा. शाळा सापडलीच नाही, तर तिला मान्यता आहे का, हा प्रश्न प्रवेशाचे पैसे भरण्याआधी विचारा.

शाळेचं नाव दाबलं की तिचं माहितीपत्रक दिसतं: शाळा कधी सुरू झाली, कोण चालवतं, माध्यम कोणतं, मंडळ कोणतं, कोणत्या वर्गात किती मुलं-मुली, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहं चालू आहेत की बंद, ग्रंथालय आहे का. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, एवढं लक्षात ठेवा. म्हणून कागदावरचं एखाद-दुसरं तरी डोळ्यांनी ताडून पाहा. संगणकांची संख्या लिहिलेली असेल तर संगणक कक्ष बघायला मागा. मुलींची स्वच्छतागृहं ‘वापरात’ असं लिहिलं असेल तर कुलूप आहे का, पाणी आहे का, तेही बघा. वर्षाच्या मध्येच बदलून गेलेल्या शिक्षकाची जागा या पत्रकात लगेच रिकामी दिसत नाही. त्यासाठी शाळेत ‘सध्या गणित कोण शिकवतं?’ असं सरळ विचारायचं.

पटाला, म्हणजे एकूण मुलांच्या संख्येला, शिक्षकांच्या आकड्याने भागून पाहा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. पण लहान शाळेत हा भागाकार फसवतो. समजा, काटोल किंवा भिवापूरकडच्या एका गावात पहिली ते पाचवी मिळून ४० मुलं आणि दोन शिक्षक आहेत. कायद्याचं प्रमाण पाळलेलं आहे, तरी दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळताहेत. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग काय करतो, हे तिथे जाऊनच कळतं. असे वर्ग उत्तम सांभाळणारे शिक्षक आहेत. म्हणून नुसता आकडा बघून नाक मुरडू नका, जाऊन बघा.

पट बघा: नववीत किती होते, दहावीला किती बसले

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर निदान हा भाग वाचा.

आठवीपर्यंत मूल मागे राहणं अवघड आहे. पूर्वी तर आठवीपर्यंत कुणाला नापासच करता येत नव्हतं. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, फेरपरीक्षेची संधी देऊनही मूल नापास झालं तर त्याच वर्गात ठेवता येतं. नववीला मात्र पूर्वीपासूनच असं संरक्षण नाही. आणि दहावीचा निकाल हीच शाळेची इभ्रत असल्यामुळे काही शाळा नववीतच चाळण लावतात. कच्च्या मुलाला नववीत अडकवतात, किंवा ‘याला दुसरीकडे टाका’ असं पालकांना सुचवतात, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायला लावतात. बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या नियमित विद्यार्थ्यांत धरला जात नाही. शाळेचा आकडा चकचकीत राहतो आणि ते मूल यादीतून नाहीसं होतं.

हे उदाहरण मुद्दाम सोपं घेतलं आहे. समजा, शेजारच्या दोन शाळा आहेत. पहिलीत गेल्या वर्षी नववीत ६४ मुलं होती, यंदा दहावीला ४१ बसली, ४१ पास झाली. फ्लेक्सवर १०० टक्के. दुसरीत नववीत ६० होती, दहावीला ५८ बसली, ५१ पास झाली. निकाल ८८ टक्के, फ्लेक्स नाही. आता नववीच्या पटापैकी किती मुलं वर्षभरात दहावी पास झाली ते काढा. पहिलीत ६४ पैकी ४१, म्हणजे ६४ टक्के. दुसरीत ६० पैकी ५१, म्हणजे ८५ टक्के.

तुमचं मूल हुशार असेल तर दोन्ही शाळांत पास होईल. पण ते मध्यम असेल, मध्येच आजारी पडलं, घरात काही अडचण आली, तर त्याला धरून ठेवणारी शाळा दुसरी आहे. पालकाने शाळा निवडताना हा विचार करावा असं मला फार मनापासून वाटतं, कारण आपलं मूल नववीत कसं असेल हे पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी कुणालाच माहीत नसतं.

हे आकडे जुळवायचे असे. युडायसच्या पानावर वर्ष बदलून आधीच्या वर्षाचा नववीचा पट वहीत लिहा, मग पुढच्या वर्षीचा दहावीचा पट लिहा. परीक्षेला प्रत्यक्ष बसलेले आणि पास झालेले किती, हे शाळेला विचारा. मोठी घट दिसली म्हणून लगेच आरोप करू नका. पट कमी होण्याला साधी कारणंही असतात: वडिलांची बदली, एखादी तुकडी बंद होणं, दुसऱ्या मंडळाच्या शाळेत जाणं. ‘नववीतून दहावीत येताना मुलं कमी झालेली दिसतात, ती कुठे गेली?’ एवढंच विचारा. चांगल्या मुख्याध्यापकांना एकेका मुलाचं उत्तर माहीत असतं. एका वर्षी घट असेल तर योगायोग समजा. सलग तीन वर्षं असेल तर ती पद्धत आहे.

निकालाचे टक्के कोणत्या वर्षाचे, तेही बघा

राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये एकदम ७७.१० वर आला, नागपूर विभागाचा तर ६७.२७. त्या वर्षी मुलं अचानक ढ झाली नव्हती. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडून मिळणारे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० झाला. २०२१ ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केलं, निकाल ९९.९५ टक्के. शाळा तीच, शिक्षक तेच, मुलंही साधारण तशीच. बदलली ती मोजण्याची पद्धत. कुणी जुन्या वर्षांचा चढता आलेख दाखवून ‘बघा आमची प्रगती’ म्हणत असेल, तर त्यातली ही तीन वर्षं बाजूला काढून मग बघा.

म्हणून शाळेचा निकाल नेहमी त्याच वर्षाच्या विभागाच्या निकालाशेजारी ठेवा. नागपूर विभागात नागपूरसह वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे येतात. विभागाचा निकाल २०२४ मध्ये ९४.७३ टक्के होता, २०२५ मध्ये ९०.७८. दोन्ही वर्षी राज्यात सर्वांत कमी. तुमच्या शाळेचा निकाल दोन्ही वर्षी ९१ टक्के असेल, तर २०२४ ला ती विभागाच्या मागे होती आणि २०२५ ला बरोबरीने. आकडा जागचा हलला नाही, अर्थ बदलला. ‘नागपूर विभाग पुन्हा तळाला’ या दरवर्षीच्या बातमीने मात्र घाबरून जाऊ नका. सहा जिल्ह्यांची सरासरी तुमच्या गल्लीतल्या शाळेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

शाळा लहान असेल तर एका वर्षाचा निकाल धरूच नका. दहावीत आठच मुलं असली आणि एक नापास झालं की निकाल ८७.५ वर येतो. तीन वर्षांची बेरीज करा. ८, ११ आणि ९ मुलं बसली, त्यांतली ७, ११ आणि ८ पास झाली, तर २८ पैकी २६, म्हणजे सुमारे ९३ टक्के. हा आकडा जास्त विश्वासाचा.

आणखी एक. राज्य मंडळाच्या पासाची रेषा १०० पैकी ३५ गुणांची, त्यातले २० अंतर्गत. ज्याला २० पैकी १८ मिळाले त्याला ८० गुणांच्या लेखी परीक्षेत १७ पुरतात. त्यामुळे ‘पास किती’ या आकड्यापेक्षा श्रेणींची विभागणी जास्त बोलते: विशेष प्रावीण्यात किती, प्रथम श्रेणीत किती, द्वितीय श्रेणीत किती, नुसते उत्तीर्ण किती. मंडळ ही विभागणी शाळेला देतं. पाच चेहरे ९५ च्या वर आणि निम्मा वर्ग ३५ ते ४५ मध्ये, असं चित्र असेल तर त्या शाळेत शिकवणं थोड्यांपुरतं चाललंय का, हे विचारायला जागा आहे.

शाळा सीबीएसईची असेल तर

इथे काम सोपं आहे. सीबीएसईने आपल्या शाळांना ‘अनिवार्य सार्वजनिक प्रकटीकरण’ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायला लावलं आहे. त्यात दहावी-बारावीचा गेल्या तीन वर्षांचा निकाल, नोंदणी झालेले विद्यार्थी, पास झालेले विद्यार्थी, शिक्षकसंख्या, विशेष शिक्षक, शुल्क, अग्निसुरक्षा आणि इमारतीची प्रमाणपत्रं हे सगळं असावं लागतं. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दुवा सापडतो. पान रिकामं असेल किंवा तीन वर्षांपूर्वीचं असेल, तर त्यावरूनही शाळेचा कारभार कळतो.

सीबीएसईच्या नियमानुसार एका तुकडीमागे दीड शिक्षक लागतात. २४ तुकड्या असतील तर ३६ शिक्षक हवेत, मोजून बघा. निकालाची तुलना मात्र सीबीएसईची सीबीएसईशीच करा. प्रश्नपत्रिका वेगळी, तपासणी वेगळी, बसणारी मुलंही वेगळ्या घरांतली, तेव्हा एका मंडळाचे ९२ आणि दुसऱ्याचे ८५ शेजारी ठेवून हाती काही लागत नाही.

अकरावीच्या कटऑफबद्दलही थोडं. ऑनलाइन प्रवेशाच्या याद्यांत ज्याचा कटऑफ चढा ते कनिष्ठ महाविद्यालय चांगलं, असं आपण धरून चालतो. कटऑफ सांगतो की तिथे जायला कोण धडपडतंय. आत गेल्यावर वर्ग भरतात का, प्रयोगशाळेत मुलं उभी राहतात का, हे त्यात नाही. शिकवणी वर्गांशी जोडलेल्या महाविद्यालयांत तर हा प्रश्न आधी विचारा.

जिल्ह्याचे अहवाल

मुलांना किती येतं हे तपासणारं ‘परख’चं राष्ट्रीय सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांचं झालं. ‘असर’ हे सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होतं, नागपूर शहर त्यात येत नाही. दोन्हींत निवडक मुलं तपासलेली असतात, त्यामुळे अमुक शाळा कशी, हे त्यातून निघत नाही. जिल्ह्यातली मुलं साधारण कुठे अडतात एवढं कळतं. शाळा निवडायला ते कामाचे नाहीत.

आता तुमच्या मुलाचे आकडे

मूल आधीच शाळेत असेल तर शाळेच्या निकालापेक्षा हे आकडे दहापट मोलाचे. दुर्दैवाने हेच सर्वांत कमी वाचले जातात. प्रगतिपुस्तकावर सही होते आणि ते दप्तरात जातं.

एक साधी फाइल करा आणि वर्षभराचे कागद त्यात ठेवा. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकीच्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात. त्यानंतर सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत पायाभूत चाचणी होते, पुढे संकलित मूल्यमापन होतं. भाषा, गणित आणि इंग्रजी हे विषय. पायाभूत चाचणी आधीच्या वर्षाच्या अभ्यासावर असते, म्हणजे मूल या वर्षात काय घेऊन आलंय ते दाखवते. तिचे गुण वाईट असले तर यंदाच्या शिक्षकांवर रागावू नका, त्यांनी तर नुकतीच शिकवायला सुरुवात केलेली असते.

गुण वाढले म्हणजे मूल पुढे गेलं असंही नाही. समजा, पायाभूत चाचणीत ३० पैकी १४ होते आणि संकलितमध्ये १७ झाले. बरं वाटतं. पण वर्गाची सरासरी १५ वरून २१ वर गेली असेल तर तुमचं मूल मागे पडलं आहे, कारण दुसरी प्रश्नपत्रिका सोपी होती किंवा बाकीचे जास्त शिकले. म्हणून शिक्षकांना दोनच आकडे विचारा: माझ्या मुलाचे गुण आणि वर्गाची सरासरी. दुसऱ्याच्या मुलाचे गुण मागू नका आणि मिळाले तरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. तो त्या मुलाचा खासगी कागद आहे.

प्रगतिपुस्तकातली श्रेणीही नीट समजून घ्या. ‘ब-२’ म्हणजे ६१ ते ७० टक्के, ‘क-१’ म्हणजे ५१ ते ६०. पण त्यात वर्षभराचं आकारिक मूल्यमापन आणि लेखी संकलित परीक्षा दोन्ही मिसळलेली असतात: पहिली-दुसरीला आकारिकचे ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. वरच्या वर्गात जाताना श्रेणी घसरली तर मूल बिघडलं असं नाही, कदाचित लेखीचा भाग वाढला. दोन्ही भाग सुटे करून बघा. तोंडी, प्रकल्प, वर्गकाम यांत उत्तम आणि लेखीत कच्चं, असं असेल तर मुलाला येतंय पण लिहिता येत नाही. उलटं असेल तर पाठांतर चाललंय. सीबीएसईत अंतर्गत २० आणि लेखी ८० वेगळे दिसतात, तिथेही हेच करा.

गुणांपेक्षाही जास्त सांगते ती उत्तरपत्रिका. ती बघायला मागा. तिसरीतल्या मुलाने ५२ वजा ३७ चं उत्तर २५ लिहिलं असेल तर त्याला ‘वजाबाकी येत नाही’ असं म्हणू नका. त्याने काय केलं ते बघा: पाचातून तीन गेले दोन, आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले, पाच. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा. त्याला वजाबाकी येते, हातचा घेणं कळलेलं नाही. पुढच्याच गणितात ६८ वजा ४५ बरोबर असेल तर खात्रीच. हे काड्यांचे गठ्ठे किंवा दहा-दहाच्या नोटा घेऊन चार संध्याकाळी सुधारता येतं. ‘गणितात ३० पैकी ११’ या आकड्याने तुम्ही शिकवणी लावली असती. उत्तरपत्रिकेने नेमकी जागा दाखवली.

वाचनाची चाचणी घरीच घ्या. मागच्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातला न वाचलेला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगा आणि मग दोन साधे प्रश्न विचारा. अडखळत एकेक अक्षर जोडून वाचत असेल तर त्याला विज्ञान-भूगोलाचे गुण कमी का, याचंही उत्तर तिथेच मिळतं. चौथी-पाचवीपर्यंत ही चाचणी मला कुठल्याही श्रेणीपेक्षा खरी वाटते. मुलाला परीक्षा वाटू देऊ नका, सोबत बसून वाचा.

आणि हजेरी. प्रगतिपुस्तकात महिन्यागणिक कामाचे दिवस आणि हजर दिवस लिहिलेले असतात, त्याकडे कुणी बघत नाही. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. २२० पैकी १६० दिवस हजर असलेलं मूल पाव वर्षाहून जास्त घरी होतं. लग्नसराई, गावची जत्रा, आजारपण, शाळेची ऑटो न येणं, कारण काहीही असो, बाकी सगळ्या आकड्यांआधी हा दुरुस्त करा.

शाळेत जाऊन बोला

आकडे घरी ठेवून उपयोग नाही. पण पालकसभेच्या गर्दीत, बाकीचे रांगेत उभे असताना ते निघतही नाहीत. वर्गशिक्षकांना चिठ्ठी पाठवून मधली दहा मिनिटं मागून घ्या. वही सोबत न्या. ‘मॅडम, पोरगी मागं पडून राहिली का?’ असं विचारलं की ‘नाही हो, हुशार आहे, थोडी बडबड कमी करायला सांगा’ असं गोड उत्तर मिळतं आणि आपण समाधानाने घरी येतो. त्याऐवजी असं विचारा: ‘मॅडम, हिला हातच्याची वजाबाकी जमत नाही असं उत्तरपत्रिकेत दिसलं. वर्गात अशी आणखी किती मुलं आहेत? तुम्ही त्यावर काय घेताय आणि आम्ही घरी काय घ्यावं?’ हा प्रश्न ऐकून शिक्षक दुखावत नाहीत. बहुतेकांना असं विचारणारा पालक भेटल्याचा आनंदच होतो. एका वर्गात पन्नास मुलं सांभाळणाऱ्या माणसाला तुम्ही नेमकी जागा दाखवली असते.

निम्मा वर्ग एकाच ठिकाणी अडत असेल तर तो एकट्या मुलाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा समितीकडे जा. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा बनवणं तिचं काम आहे. आपल्याकडे समितीची बैठक पोषण आहार आणि रंगकाम यांवरच संपते असं पुष्कळदा होतं. त्यात एक विषय घालायला सांगा: तिसरीतली किती मुलं उतारा वाचतात, कितीपैकी, आणि दिवाळीपर्यंत किती वाचतील. खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. तिथे शुल्काची चर्चा होतेच, तिच्याच शेजारी नववी-दहावीच्या पटाची चर्चा ठेवा.

शाळेने माहिती दिली नाही तर

आधी साधा अर्ज. त्याने काम झालं नाही तर प्राथमिकसाठी जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (प्राथमिक), माध्यमिकसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक), आणि महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. सरकारी आणि अनुदानित शाळेकडे माहितीच्या अधिकाराचा अर्जही करता येतो: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि ३० दिवसांत उत्तर. विनाअनुदानित शाळेची जी माहिती शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जमा असते ती तिथून मागता येते. पण माहिती अधिकारापासून सुरुवात करू नका. तुमचं मूल रोज त्या शाळेत जाणार आहे, तिथलं बोलणं आधी मोकळं राहू द्या.

साधा अर्ज असा लिहिता येईल:

*प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: शाळेच्या निकालाची व पटाची माहिती मिळण्याबाबत. महोदय/महोदया, माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता ___ मध्ये शिकत आहे. कृपया गेल्या तीन शैक्षणिक वर्षांची पुढील माहिती द्यावी ही विनंती. १) दरवर्षी नववीच्या पटावरील विद्यार्थी. २) त्यापुढील वर्षी दहावीच्या परीक्षेला नियमित बसलेले विद्यार्थी. ३) त्यांपैकी विशेष प्रावीण्य, प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी व उत्तीर्ण अशी संख्या. ४) गणित, विज्ञान व इंग्रजी विषयांच्या शिक्षकांची मंजूर व भरलेली पदे. कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव नको, केवळ संख्या हवी आहे.*

मूल प्राथमिकमध्ये असेल तर पहिल्या तीन मुद्द्यांऐवजी वर्गाचा पट, पायाभूत आणि संकलित चाचणीची वर्गाची सरासरी, आणि शाळा प्रत्यक्ष भरलेले दिवस विचारा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख घेऊन पोच ठेवा. चार-पाच पालकांनी मिळून एकच अर्ज दिला तर उत्तर लवकर येतं. प्रवेशाची धांदल सुरू व्हायच्या आत, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच तो दिला तर कार्यालयातल्या बाबूंनाही कागद काढायला वेळ मिळतो.